बाळाच्या उबेचा इतिहास



आपल्या अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी गाविलगडचा किल्ला घेतला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात आपल्या या गावात तह झाला. लढाई कशी झाली, कुणाचा कोणता मुलूख गेला, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. त्याच डिसेंबरात आपल्या पंचक्रोशीत बाळंतपणंही झाली असतील. थंडीच्या रात्री जन्मलेली किती बाळं सकाळपर्यंत टिकली, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

आज आम्ही त्या न लिहिलेल्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. नुकतं जन्मलेलं बाळ थंड का पडतं, ते थंड पडणं जिवावर का येतं, आणि ही गोष्ट माणसाला कळायला इतकी वर्षं का लागली, हे आपण बघू. डॉक्टर याला हायपोथर्मिया म्हणतात. आपण साध्या भाषेत बाळ थंड पडणं म्हणू.

पहिली अडचण आपल्या समजुतीची आहे. वऱ्हाड म्हटलं की ऊन. अकोल्याचा मे महिन्यातला पारा साऱ्या देशाला माहीत आहे. ऊन लागणं, लू लागणं हे आपल्या ओळखीचं आहे. कांदा खिशात ठेवायचा, पन्हं प्यायचं, डोक्याला दुपट्टा बांधायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. थंडीनं जीव जातो म्हटलं की मात्र आपल्या डोळ्यांपुढं बर्फ येतो, हिमालय येतो. ते तिकडचं दुखणं, आपल्याकडं काय त्याचं, असं वाटतं.

मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. रब्बीच्या दिवसांत रात्रीची वीज येते तेव्हा आपल्या घरची माणसं गव्हा-हरभऱ्याला ओलित करायला जातात. पाय पाण्यात, अंगावर वारा. घरी येतात तेव्हा दातावर दात वाजत असतात. ते कुडकुडणं म्हणजे शरीरानं स्वतःला गरम करायचा केलेला प्रयत्न आहे. माणूस कुडकुडतो, शेकोटीजवळ बसतो, कोरडे कपडे घालतो, चहा मागतो. नुकतं जन्मलेलं बाळ यातलं काहीच करू शकत नाही. त्याला कुडकुडताही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ साली नवजात बाळाच्या उबेबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातली एक तुलना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. २३ अंश सेल्सियसच्या खोलीत उघडं ठेवलेलं बाळ जेवढी ऊब गमावतं, तेवढी ऊब उघडा मोठा माणूस शून्य अंशाला, म्हणजे पाण्याचा बर्फ होतो तिथं गमावतो. २३ अंश म्हणजे आपल्याकडची छान हवा. दिवाळीनंतरच्या सकाळी आपण अंगणात बसतो ती. आपल्याला जी हवा सुखाची वाटते, ती ओल्या उघड्या बाळाला बर्फासारखी असते. म्हणून हे दुखणं हिमालयातलंच नाही. ते आपल्या ओसरीवरचं आहे, आणि भर उन्हाळ्यात पंख्याखालीही होऊ शकतं.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. पोटात बाळ ३७ अंशांच्या उबेत, पाण्यात असतं. बाहेर येतं ते ओलं. ऊब चार वाटांनी जाते. अंगावरचं पाणी सुकताना ऊब घेऊन जातं, जसं ओलं लुगडं अंगावर वाळलं की आपल्याला गारठा वाटतो. थंड वस्तूला अंग टेकलं की ऊब तिच्यात जाते, मग ती सारवलेली जमीन असो, फरशी असो की वजनाच्या काट्याचं पत्र्याचं ताट असो. वारा किंवा पंखा ऊब उडवून नेतो. आणि जवळ गार भिंत किंवा उघडी खिडकी असली तर न टेकताही ऊब तिकडं जात राहते. बाळाचं वजन थोडं, पण त्या मानानं अंगाची कातडी मोठी. डोकं तर अंगाच्या मानानं फारच मोठं. म्हणून उघड्या डोक्यातून खूप ऊब जाते.

देवानं बाळाला थोडं सरपण दिलेलं असतं. मान, खांदे, पाठ आणि मूत्रपिंडाभोवती एक वेगळी, तपकिरी रंगाची चरबी असते. ती जाळून बाळ स्वतःला गरम ठेवतं. ही चरबी शेवटच्या आठवड्यांत भरते. म्हणून दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाजवळ सरपणच कमी असतं. शिवाय ती जळायला साखर आणि प्राणवायू लागतो. बाळ गार पडलं की अंगातली साखर संपत जाते. साखर संपली की बाळ सुस्तावतं, दूध ओढत नाही. दूध पोटात गेलं नाही की पुन्हा सरपण नाही. मग ते आणखी गार पडतं. त्यातच जंतुसंसर्ग झाला तर त्याच्याशी लढायची ताकद उरत नाही.

या दुखण्याची सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ते आवाज करत नाही. ताप आला की बाळ किरकिरतं, अंग भाजतं, घर जागं होतं. गार पडलेलं बाळ शांत होत जातं. बायाबापड्या म्हणतात, किती गुणी लेकरू आहे, रडतही नाही. कधी कधी त्याचे गाल लालसरही दिसतात, म्हणून तब्येत चांगली वाटते. आणि पहाटे कळतं की ते गेलं. मग कुणी नजर लागली म्हणतं, कुणी बाहेरची बाधा म्हणतं, कुणी त्या आईलाच पांढऱ्या पायाची म्हणतं. किती मायबहिणींनी हा बोल आयुष्यभर सोसला असेल, त्याचा हिशेब नाही.

आता जुन्या बाळंतपणाकडं वळू. आधीच सांगतो, आम्ही आपल्या आज्या-पणज्यांना नावं ठेवायला बसलेलो नाही. त्यांना उबेचं महत्त्व कळत होतं. बाजेखाली शेगडी, बंद खोली, डोक्याला टोपडं, कानावरून पाठीपर्यंत उतरणारी कुंची, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी, ही सगळी त्यांचीच अक्कल आहे. कुंची शिवणाऱ्या बाईला बाळाच्या डोक्यातून ऊब जाते हे कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं.

पण काही गोष्टी त्याच खोलीत उलट्या घडत होत्या. बाळ जन्मलं की वार पडेपर्यंत सगळ्यांचं लक्ष आईकडं. बाळ तेवढा वेळ जमिनीवर ओलंच पडून राही. मग विटाळ म्हणून त्याला लगेच न्हाऊ घालत. अंगावरचा पांढरा चिकट थर घासून काढत, तो थर खरं म्हणजे कातडीचं रक्षण करतो. चीक खराब म्हणून पिळून टाकत, त्यामुळं पहिलं दूध उशिरा मिळे. म्हणजे ज्या घडीला बाळाला कोरडं फडकं, आईचं अंग आणि चीक हवा, त्याच घडीला त्याला पाणी, जमीन आणि उपास मिळत होता. शेगडी पेटायची ती नंतर. तिच्या धुरानं बंद खोलीत आई आणि बाळ दोघांचा जीव घुसमटायचा तो वेगळाच.

आमच्या गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की एखादी म्हातारी हमखास म्हणते, “आम्ही काय पोरं वाढवली नाही काय वं? जनमल्याबरोबर आंग धुतलं, जगले ना सारे!” अशा वेळी आम्ही वाद घालत नाही. आम्ही हळूच विचारतो, आजी, किती झाली होती? उत्तर येतं, “मले नऊ झाले. सहा जगले.” आणि मग खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. जी जगली ती समोर फिरतात, त्यांना आपण मोजतो. जी गेली त्यांना नावही ठेवलेलं नव्हतं. बारशाआधी गेलेल्या बाळाची नोंद घरातही नसते, मग सरकारदरबारी कुठून असणार?

पुस्तकी वैद्यकालाही हे लवकर कळलं नाही, आणि त्याचं एक कारण साधं होतं. मोजायला काही नव्हतं. सुरुवातीचे थर्मामीटर हातभर लांब असत आणि वीस-वीस मिनिटं धरून बसावं लागे. १८६६-६७ च्या सुमारास इंग्लंडचे डॉक्टर थॉमस ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत आकडा दाखवणारा थर्मामीटर आणला, तेव्हा तो डॉक्टरांच्या खिशात आला. पण तो ताप मोजण्यासाठी होता. आपल्या घरात जो साधा पाऱ्याचा थर्मामीटर असे, त्याच्यावरचे आकडे फॅरनहाइटच्या ९४-९५ पासूनच सुरू व्हायचे. अंग त्याहून गार असेल तर तो काही सांगतच नसे.

१८८० मध्ये पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्टेफान टार्निए नावाच्या डॉक्टरांनी बाळांसाठी उबदार पेटी बसवली. प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहून त्यांना ती सुचली. खाली गरम पाणी, वर बाळं. २ किलोच्या आतली जी बाळं पूर्वी शंभरातली ६६ दगावत, तिथं ३८ दगावू लागली. हीच पुढं दवाखान्यातली काचेची पेटी झाली. तरी किती ऊब पुरेशी, याचं नीट उत्तर मिळायला १९५८ साल उजाडलं. अमेरिकेत डॉक्टर सिल्व्हरमन यांनी दिवसांआधी जन्मलेली बाळं दोन गटांत ठेवली. एका गटाच्या पेट्या दुसऱ्यापेक्षा जवळपास ३ अंशांनी जास्त गरम ठेवल्या. बाकी सगळी निगा सारखी. कमी उबेच्या गटात शंभरातली ६८ बाळं जगली, जास्त उबेच्या गटात ८४. फक्त ३ अंशांनी एवढा फरक पडला.

पण पेटी शहरात होती. आपल्याकडं १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावानं बायकांच्या औषधोपचारासाठी निधी सुरू झाला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला अजूनही सगळे डफरीनच म्हणतात. जिल्ह्याच्या गावी दवाखाना झाला, ही मोठी गोष्ट होती. पण रात्री दोन वाजता खेड्यात कळा सुरू झालेल्या बाईला डफरीन लांबच होतं. पेटीला वीज लागते, नर्स लागते, आणि मुळात बाळाला तिथवर न्यावं लागतं. वाटेतच ते गार पडतं. म्हणून खरा प्रश्न असा होता, की जिथं पेटी पोहोचत नाही तिथं काय करायचं?

त्याचं एक उत्तर आपल्या विदर्भातून आलं. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं ‘सर्च’ नावाची संस्था काढून १९८६ पासून काम सुरू केलं. तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायला घेतला. त्या ३९ गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांतली ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत जात होती.

मग १९९५ मध्ये त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. कुणी पाचवी शिकलेली, कुणी सातवी, कुणी दहावी. त्यांना आरोग्यदूत म्हटलं. त्यांच्या हातात थर्मामीटर, वजनाचा काटा, घड्याळ, बाळासाठी उबदार पिशवी असं सामान दिलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा तेही शिकवलं. ती बाई बाळंतपणाच्या वेळी हजर राही आणि पुढं महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ बघे. काखेत थर्मामीटर, मग वजन, मग वहीत नोंद.

या वह्यांमधून जे बाहेर आलं ते कोणत्याच दवाखान्याला माहीत नव्हतं, कारण ही बाळं दवाखान्यात येतच नव्हती. पहिल्या वर्षी ७६३ बाळं बघितली गेली. शंभरातली सुमारे ४२ अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. शंभरातली १७ बाळं महिन्याभरात कधी ना कधी थंड पडली होती. जवळपास निम्म्या बाळांना जिवाला धोका होईल असं काही ना काही झालं होतं. आणि डॉक्टरांनी पाहिलेली बाळं शंभरात तीनही नव्हती. सातवी शिकलेल्या बाईनं काखेत थर्मामीटर लावला नसता तर ही १७ बाळं कुठल्याच कागदावर आली नसती.

आणखी एक गोष्ट तिथं दिसली. बाळ सहसा एकाच कारणानं जात नाही. वजन कमी, त्यात गार पडलं, त्यात दूध ओढेना, त्यात जंतुसंसर्ग, अशी संकटं एकावर एक चढतात. त्यातली दोन वेळेवर उतरवली तर बाळ तरतं. बाळाचं वजन त्या रात्री वाढवता येत नाही. पण ऊब आणि दूध त्या रात्रीही देता येतं. आरोग्यदूतांनी बाळ पुसणं, गुंडाळणं, आईजवळ ठेवणं, लगेच पाजणं, आंघोळ पुढं ढकलणं हे घरोघर सांगितलं आणि करून दाखवलं. जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार केले. १९९७-९८ पर्यंत त्या ३९ गावांत दर हजारी मृत्यू ६२ वरून साडेपंचवीसवर आले. १९९९ च्या डिसेंबरात हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. आपल्या भाषेत बोलणाऱ्या, आपल्यासारख्याच नऊवारी-पाचवारीतल्या बायांच्या वहीतले आकडे जगभरच्या डॉक्टरांनी वाचले.

आपल्या उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, तिच्या पलीकडं मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा हे आपल्याच जिल्ह्याचे तालुके. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर पोहोचल्या. तेव्हा सगळी चर्चा कुपोषणाची झाली, आणि ती खरीच होती. पण कुपोषण आणि थंडी या सख्ख्या बहिणी आहेत. उपाशी आईचं बाळ लहान जन्मतं, लहान बाळाजवळ सरपण कमी, आणि वर डोंगरात थंडी आपल्या मैदानापेक्षा जास्त. १९९८ पासून डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था धारणीजवळ उतावलीला काम करते. तिनंही गावातल्या बायांना शिकवून घरोघर बाळांची काळजी पोहोचवण्याचा मार्ग धरला. गडचिरोली असो की मेळघाट, शिकवलेली गावातली बाई हीच तिथं दवाखाना आणि घर यांच्यातला पूल झाली.

आता जरा दूर जाऊ. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे, त्याची राजधानी बोगोटा. १९७८ च्या सुमारास तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी वेळ आली. एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. डॉ. एडगर रे यांनी आयांनाच सांगितलं, बाळ छातीशी धरा. उघडं बाळ, फक्त लंगोट आणि टोपडं, आईच्या दोन स्तनांच्या मधे, कातडीला कातडी लावून उभं धरायचं आणि वरून कापडानं बांधायचं. कांगारू नावाचा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, म्हणून या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात.

सुरुवातीला अनेकांना वाटलं, ही गरिबांची तडजोड आहे, खरा उपाय म्हणजे पेटीच. पुढं तपासत गेले तसं वेगळंच दिसलं. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या मोठ्या दवाखान्यांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा आधी वॉर्मरखाली ठेवून मग आईकडं देण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा मृत्यू एक चतुर्थांशानं कमी झाले.

यातलं शास्त्र सोपं आहे. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. आधीच गार पडलेल्या बाळाला नुसतं गोधडीत गुंडाळलं तर ते आत गारच राहतं. आईचं अंग मात्र ऊब तयार करतं. शिवाय दूध तोंडाजवळ असतं. आई थकली असेल तर बाप किंवा आजीही छातीशी धरू शकते.

उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगडला असाच एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. घरोघर जाऊन बायांना, सासवांना, बापांना उबेचं महत्त्व समजावलं. काही गावांत याबरोबरच अंगाच्या उबेप्रमाणे रंग बदलणारी टिकलीही बाळाला लावायला दिली. ज्या गावांत फक्त समजावलं तिथं नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाले. टिकलीच्या गावांत ५२ टक्क्यांनी. म्हणजे टिकलीनं वेगळं काही साधलं नाही. घरातल्या माणसांनी वागणं बदललं, त्यानं साधलं.

गडचिरोलीची पद्धत पुढं ‘अंकुर’ प्रकल्पातून महाराष्ट्रात सात ठिकाणी करून पाहिली गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशाताई आल्या. आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ बघण्याचं काम देशभरच्या आशाताईंकडं आलं. आज आपल्या दारात वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन येणारी आशाताई ही त्या ३९ गावांतल्या आरोग्यदूतांचीच पुढची पिढी आहे. काही घरांत तिला ‘कागद भरायला आली’ म्हणून दारातूनच वाटेला लावतात. ती काय घेऊन आली आहे, हे आता आपल्याला कळलं पाहिजे. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११ वर आलं आहे. ही ११ सुद्धा कुणाच्या तरी घरचीच आहेत.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग हा विषय संपला का? संपलेला नाही, त्यानं जागा बदलली आहे. बाळंतपणाच्या खोलीत पंखा चालू असतो. बघायला आलेले पाहुणे दुपटं उघडून तोंड पाहतात, लिंग पाहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुट्टी होते आणि डिसेंबरच्या संध्याकाळी ऑटोत किंवा गाडीवर बसून आई आणि बाळ गावी निघतात. घरी आल्यावर दवाखान्यातून आलं म्हणून पहिलं काम न्हाऊ घालण्याचं. दवाखान्यानं सांभाळलेली ऊब अशी वाटेत आणि न्हाणीत जाते. सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ ची गाडी फुकट असते. ती मागून घ्यायची, लाजायचं नाही.

या सगळ्या इतिहासातून आपल्या गटांनी काय उचलायचं, ते आता सांगतो.

बाळ जन्मलं की लगेच कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, डोकं आधी. ते ओलं फडकं टाकून दुसरं कोरडं घ्यायचं. बाळ आईच्या छातीवर ठेवायचं, डोक्याला टोपडं घालायचं आणि पहिल्या तासाच्या आत चीक पाजायचा. पहिले २४ तास आंघोळ नाही. वजन कमी असेल तर नर्सबाई किंवा आशाताई सांगेल तोपर्यंत नुसतं पुसायचं. मालिश करायची तर दार-खिडकी लावून, पंखा बंद करून, एकेक अंग उघडून. बाळाजवळ शेगडी ठेवून खोली धुरानं भरायची नाही. गरम पाण्याची बाटली बाळाला टेकवायची नाही, भाजतं.

थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ वापरा. पोटाला आणि तळपायाला लावून बघा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी लागायला लागली आहे. लगेच छातीशी धरा, टोपडं-मोजे घाला, पाजा. पोटही गार असेल तर धोका आहे. छातीशी धरूनच दवाखान्यात निघा, १०८ ला फोन करा, आणि वाटेत बाळ अंगापासून सुटू देऊ नका. बाळ दूध ओढत नसेल, रडणं बारीक झालं असेल, उठवून उठत नसेल तरी हेच करायचं. थर्मामीटर असेल तर काखेत ९७.७ फॅरनहाइट, म्हणजे साडेछत्तीस सेल्सियस, हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या खाली आलं की ऊब द्यायला लागायचं. ९५ च्या खाली असेल तर वाट बघायची नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हवी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हे दिवस घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नाही आली तर बोलावून आणा.

आमच्या गटांना एक काम आम्ही दिलं आहे, ते तुम्हालाही देतो. दिवाळीच्या बैठकीत बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर गावातल्या अशा बायांची यादी करा, ज्यांचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भरतात. प्रत्येकीच्या नावापुढं गटातल्या दोघींची नावं लिहा. त्या दोघींनी आधीच त्या घरच्या सासूबाईंशी जाऊन बोलायचं. सुनेशी नंतर बोललं तरी चालेल, कारण न्हाणीत पाणी कधी तापवायचं हे अजून सासूबाईच ठरवतात. दोन जुनी सुती लुगडी धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून ठेवायला सांगा. एक टोपडं शिवून द्या, ज्यांना येतं त्यांनी कुंची. आणि बाळ जन्मलं की त्याच यादीत तारीख, वजन आणि आशाताई आल्याचे दिवस लिहा. गडचिरोलीतही कामाची सुरुवात अशाच नोंदींनी झाली होती.